गोंधळ कुणाचा? एका सोसायटीच्या हॉलचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिम कडेला असलेल्या आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबानं मुलाच्या लग्नानंतरचं जागरण गोंधळ क्लबहाउसच्या हॉलमध्ये करायची परवानगी मागितली. मॅनेजिंग कमिटीनं ती नाकारली. नकाराचं पत्र मी लिहिलं होतं. त्या पत्रातला एक शब्द आम्हाला पुढचे तीन आठवडे पुरला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत, फ्लॅटचे आकडे आणि काही खाणाखुणा बदलल्या आहेत. संबंधित कुटुंबानं हे वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या आहेत.

पार्श्वभूमी

आमचं गाव जून २०२१ मध्ये महापालिकेत गेलं, त्या वेळी समाविष्ट झालेल्या तेवीस गावांपैकी एक. त्याआधी बराच काळ ते धड गावही नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला संकुल उभं राहिलं, पुढे हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि मधल्या पट्ट्यातल्या शेतांना भाव आले. जमीन गुंठ्यावर विकली जाऊ लागली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आमच्या ए विंगमधला एक मोठा फ्लॅट. एकरात असे चाळीस. हा हिशोब ज्यांना तोंडपाठ होता त्यांच्या हातात एका पिढीत इतका पैसा आला, की शहराला त्यांच्यासाठी नवा शब्द काढावा लागला: गुंठामंत्री. २०१३ च्या सुमारास पिंपरीतल्या एका गृहस्थांचा सोन्याचा शर्ट जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला, तेव्हा तर पेठांमधल्या कट्ट्यांना महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मी त्याच पेठांतला. वडील सरकारी नोकरीत होते. बजाज स्कूटरचा नंबर लागायला आम्ही काही वर्षं थांबलो आणि ती आल्यावरही वडील ऑफिसला सायकलनंच जात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आमच्या घरातलं अर्थशास्त्र आणि तेच सौंदर्यशास्त्रही. झगमगीत ते हलकं, साधं ते उच्च. हे कोणी शिकवलं नाही, पाहुणे निघून गेल्यावर त्यांच्या साडीबद्दल आई काय बोलते त्यावरून आपोआप कळलं.

सोसायटीच्या तीन विंग, ११२ फ्लॅट. जमीन ज्यांची होती त्या कुटुंबाला ६२ गुंठ्यांच्या बदल्यात काही रोख रक्कम, नऊ फ्लॅट आणि रस्त्याकडेचे चार गाळे मिळाले. कुटुंबप्रमुखांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या घरात दोन फॉर्च्युनर आहेत, एकीचा नंबर ९९९९. गळ्यात साखळी आहे आणि ती शर्टाच्या बाहेर असते. उरलेले फ्लॅट आमच्यासारख्यांचे: बँका, कॉलेजं आणि बहुतांशी आयटी. आमच्या पार्किंगमध्ये तीन जर्मन गाड्या आहेत, तिन्ही अण्णांच्या गाडीपेक्षा महाग. त्यांना कोणी ‘शो-ऑफ’ म्हणत नाही. त्यांचं इंजिनिअरिंग चांगलं असतं.

अण्णांची बाजूही सरळ नव्हती, हे नोंदवायला हवं. त्यांच्या पुतण्याच्या मित्रांनी गेटवर वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता आणि तो काढायला सांगितल्यावर चार दिवस काढला नव्हता. पाहुण्यांच्या गाड्या आडव्या लागत. अण्णा स्वतः सभेत एकदा म्हणाले होते, ‘तुमच्या पायाखालची जमीन आमची आहे.’ वाक्य खरं होतं, पण ते ज्या आवाजात आलं तो आवाज अनेकांच्या लक्षात राहिला.

प्रश्न कसा उभा राहिला

अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी आला. धाकट्या मुलाचं लग्न लॉन्सवर होणार होतं, त्यानंतरच्या शनिवारी रात्री जागरण गोंधळ आणि रविवारी नवरा-नवरी जेजुरीला. हॉल रात्रभर हवा होता. सोबत यादी होती: वाघ्या-मुरळीचा ताफा, संबळ, तुणतुणं, दिमडी, दिवट्या आणि अंदाजे दोनशे माणसं.

कमिटीत सात जण. बैठक चाळीस मिनिटं चालली. आज इतिवृत्त काढून पाहिलं तर आक्षेप पाच दिसतात. आवाज, गर्दी, दिवट्यांमुळे आगीचा धोका, भंडाऱ्यानं फरशी पिवळी पडणं आणि ‘अशा कार्यक्रमांचा पायंडा’. पहिले तीन आक्षेप कोणत्याही कार्यक्रमाला घेता येतात आणि त्यांवर उपायही असतात. चौथ्याबद्दल पुढे सांगतो. पाचवा आक्षेप माझा होता.

पत्र मी घरी येऊन लिहिलं. मराठी चांगलं असल्यानं पत्रव्यवहार माझ्याकडेच असतो. त्यातलं वाक्य असं: ‘संस्थेचा सांस्कृतिक स्तर आणि सभासदांची साधेपणाची भूमिका लक्षात घेता, रात्रभर चालणाऱ्या खर्चिक व गोंगाटी समारंभास परवानगी देणे उचित वाटत नाही.’ लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे, पण अण्णांना स्तर कळेल का?’ आम्ही दोघंही हसलो.

पत्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं काहीच कारण नव्हतं. ते टाकलं गेलं. तासाभरात चाळीसेक अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, ‘अखेर कोणीतरी बोललं!’ आणखी एकानं, ‘गोंधळ नको, गोंधळ!’ गोंधळ म्हणजे देवीचं विधिनाट्य आणि गोंधळ म्हणजे घोटाळा, असे दोन अर्थ आपल्या भाषेत एकाच शब्दात राहतात, त्यामुळे हा विनोद फुकट मिळतो. पहिल्या अर्थाचा गोंधळ ज्यांच्या घरी घालतात त्यांना तो किती वेळा ऐकावा लागत असेल, हे मला पन्नाशी उलटल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला नाही. टँकरचा धंदा अण्णांच्या चुलतभावाचा. ड्रायव्हर म्हणाला मोटर बिघडली आहे, आणि दुपारी तो आलाही. मोटर खरंच बिघडली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. पण ए विंगमध्ये त्या सकाळी जे बोललं गेलं त्यात साधेपणा, संस्कृती वगैरे काही नव्हतं. ‘यांची लायकीच ही’ असं होतं.

आधीचे दोन कार्यक्रम

प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पाचच आठवडे आधी, सी विंगमधल्या एका कंपनीतल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलीचं ‘हळदी’ आणि ‘संगीत’ याच क्लबहाउसमध्ये झालं होतं. हळदी हिरवळीवर. सगळ्यांनी पिवळे कपडे घातलेले, झेंडूच्या माळा, पितळी घंगाळात पाण्यात पाकळ्या, वर ड्रोन. संध्याकाळी हॉलमध्ये डीजे. तो साडेबारापर्यंत चालला. हॉलच्या फरशीवर हळदीचे डाग पडले होते, हाउसकीपिंगनं ते दोन दिवस घासले आणि बिल डिपॉझिटमधून वळतं झालं. सव्वाअकराला मी स्वतः त्या गृहस्थांना फोन केला होता: ‘सर, जरा आवाज कमी करता येईल का? सॉरी हं, तुमचा आनंदाचा दिवस आहे.’ पत्र नाही, ग्रुपवर पोस्ट नाही. दुसऱ्या दिवशी घरोघरी बदामी रंगाच्या डब्यांत मिठाई आली आणि सजावट किती ‘टेस्टफुल’ होती यावर लिफ्टमध्ये चर्चा झाली.

भंडारा म्हणजे तरी काय? हळदीची पूडच. एकाच फरशीवर एकच हळद ऑक्टोबरमध्ये ‘थीम’ होती आणि डिसेंबरात नुकसान.

दुसरा कार्यक्रम त्याआधीच्या जानेवारीतला. सोसायटीनं हुरडा पार्टी काढली होती, शहराबाहेरच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर, माणशी सातशे रुपये. शेकोटीवर भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बैलगाडीची फेरी. जेवणानंतर तिथल्या मांडवात गोंधळाचं सादरीकरण होतं. संबळ घुमला, दिवटी नाचली आणि आम्ही सगळे मोबाइल वर धरून उभे होतो. मी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘आपली लोककला किती समृद्ध आहे!’ ती पोस्ट अजून आहे, कारण मी पुसलेली नाही.

म्हणजे तिकीट काढून पाहिलं की लोककला, आणि शेजाऱ्यानं देवाला बोललेलं फेडलं की गोंगाट. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. माणूस वस्तू वापरायला घेतो त्याहून अधिक दाखवायला घेतो, असं तिचं थोडक्यात सार. ही कल्पना आमच्यासारख्यांना फार आवडते, कारण ती फॉर्च्युनरवर चपखल बसते. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं पुढे दाखवलेली गोष्ट त्या मानानं कमी आवडते: अभिरुची ही देखील एक मालमत्ता आहे, ती वारशानं येते आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचं हे ठरवायला वापरली जाते. माझा हातमागाचा कुर्ता साडेतीन हजारांचा आहे. घरात तांब्याचे पिंप, घाण्याचं तेल, सेंद्रिय गूळ. वडिलांच्या साधेपणाला पैसे लागत नव्हते. माझ्या साधेपणाचा महिन्याचा खर्च अण्णांच्या डिझेलइतका सहज असेल. तो डोळ्यांवर येत नाही, एवढंच.

जात हा शब्द या सगळ्या तीन आठवड्यांत कोणी उच्चारला नाही. तो उच्चारायची गरजच पडली नाही, इतके बाकीचे शब्द कामाला आले होते.

पर्यायांचा विचार

अण्णांचा भाचा वकील आहे. त्यानं चार दिवसांत दोन गोष्टी केल्या. सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ, अशी नोटिशीची भाषा असलेलं पत्र पाठवलं, आणि विशेष सर्वसाधारण सभेच्या मागणीवर सह्या गोळा करायला सुरुवात केली. आदर्श उपविधींप्रमाणे एकपंचमांश सभासदांनी मागणी केली की महिन्याभरात सभा बोलवावीच लागते. ११२ सभासदांत त्याला २३ सह्या पुरल्या असत्या, त्यानं ३१ आणल्या. नऊ त्यांच्या घरातल्या. उरलेल्या बावीसमध्ये एक सही पाहून कमिटी गप्प झाली. ती सही सी विंगमधल्या त्याच अधिकाऱ्याची होती. मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, ‘माझ्या वेळी तुम्ही फोन केलात. त्यांना पत्र का?’

आता कमिटीसमोर जे मार्ग होते ते असे. नकार कायम ठेवायचा आणि भांडायचं. याला अध्यक्षांसह तिघांचा पाठिंबा होता. अडचण ही की हॉलच्या मंजूर नियमावलीत फक्त सहा ओळी होत्या: भाडं, अनामत, साफसफाई, अकराची वेळ, पार्किंग आणि हॉलमध्ये मांसाहार न शिजवणं. ‘खर्चिक’ आणि ‘सांस्कृतिक स्तर’ हे त्यात कुठेच नव्हतं. सर्वसाधारण सभेनं न केलेला नियम कमिटीनं पत्रात घातला होता आणि तो टिकणारा नव्हता.

दुसरा मार्ग ‘या वेळेपुरती’ सवलत द्यायचा. हा सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात घातक वाटला. सवलत देणारा वर राहतो, घेणारा खाली. शिवाय अण्णांनी ती घेतली नसती.

तिसरा, अण्णांनी मंगल कार्यालय घ्यावं असं सुचवायचं. ‘त्यांना काय कमी आहे?’ हे वाक्य या पर्यायाबरोबर प्रत्येक वेळी येई. त्याचं उत्तर अण्णांच्या घरी गेल्यावर मिळालं, त्याआधी ते विचारावं असंही आम्हाला वाटलं नव्हतं.

चौथा, सगळ्या कार्यक्रमांना एकच नियम करायचा, मग तो संगीत असो, बारसं असो वा जागरण. बी विंगमधले एक निवृत्त अभियंते यासाठी आग्रही होते. त्यांनी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचून काढले होते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक आणि वाद्यं वाजवायला मनाई आहे, पण बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापराला अपवाद आहे. मात्र आवाज हद्दीबाहेर ठरावीक मर्यादेपलीकडे जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे कायद्याच्या हिशोबानं उघड्या खिडक्यांचा डीजे साडेबाराला चुकीचा होता आणि बंद हॉलमधला बिनस्पीकरचा संबळ कदाचित बसण्यासारखा. ही ‘कदाचित’ त्यांचीच. अभियंत्यांचा आमच्या कमिटीला झालेला हा पहिलाच उपयोग, असं ते स्वतः म्हणाले.

काय केलं

खजिनदार बाई आणि मी अण्णांच्या घरी गेलो. आधी फोन करून गेलो, हातात काही न घेता. (मिठाई न्यावी का यावर आमच्यात पार्किंगमध्ये दहा मिनिटं वाद झाला. बाई म्हणाल्या, ‘मिठाई नेली की आपण समजूत काढायला आलोत असं होतं.’ बरोबर होतं.)

अण्णांचं बोलणं मी इथे त्यांच्या उच्चारांत लिहीत नाही. ती नक्कल आमच्या घरात पुष्कळ करून झाली आहे.

ते म्हणाले, ‘साहेब, हॉल मी फुकट मागितला नव्हता. भाडं भरणार होतो, डिपॉझिट भरणार होतो. लॉन्स मला परवडत नाही का? पण जागरण घरच्या जागेत होतं. माझं लग्न झालं तेव्हा तुमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये आमचं अंगण होतं. थोरल्याचं झालं तेव्हा पाडकाम सुरू होतं, तरी पत्रे लावून तिथंच केलं. आता घरात टाक आहेत देवाचे, पण फ्लॅटमध्ये दोनशे माणसं कुठं बसवू?’

मी आवाजाचा विषय काढला. त्यांनी मान डोलावली. भंडाऱ्याचा काढला, तर अण्णांच्या घरातल्या काकू म्हणाल्या, ‘हळद आहे ती, ऊन लागलं की उडते. आम्ही जन्मभर काढतोय.’

नवी सून अजून सून व्हायची होती, पण त्या दिवशी भेटायला आलेली होती. निगडीत वाढलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. चहा देऊन ती तिथेच थांबली. म्हणाली, ‘काका, एक विचारू? पत्रात तुम्ही सांस्कृतिक स्तर लिहिलंय. स्तर म्हणजे कितवा मजला?’

अण्णा तिला रागावले. खजिनदार बाई हसल्या. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो की तो शब्द चुकला, आणि पत्र मागे घेतो. मग अण्णांनीही, आपण होऊन, फ्लेक्सचा विषय काढला. ‘पोरांना सांगतो,’ एवढंच. टँकरबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

पत्र मागे घेतल्याचं मी ग्रुपवर टाकलं, कारण मूळ पत्र तिथेच गेलं होतं. त्यावर सहा अंगठे आले.

पाच पूर्ण दिवसांची सूचना देऊन विशेष सभा घेतली. दोन तास चालली. निम्मा वेळ पार्किंगवर गेला, तो इथे सोडून देतो. शेवटी ५८ विरुद्ध २१ मतांनी नियम मंजूर झाले. ध्वनिक्षेपक दहाला बंद, कोणताही कार्यक्रम असला तरी. दहानंतर फक्त बंद हॉल आणि बिनस्पीकर, तेही जास्तीत जास्त साडेबारापर्यंत. हॉलमध्ये एका वेळी १५० माणसं. उघडी ज्योत असेल तर अग्निशामक नळकांडी आणि एक माणूस जागेवर. हाउसकीपिंगच्या जादा कामाचा दर ठरलेला. आणि अर्जातला ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ हा रकाना काढून टाकायचा. ही शेवटची सूचना निवृत्त अभियंत्यांची. स्वरूप कळलं की आपण न्याय करायला बसतो, असं त्यांचं म्हणणं.

विरोधातल्या एकवीस जणांना सरसकट नावं ठेवणं बरोबर होणार नाही. त्यांतल्या एका बाईंची सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि त्यांची खिडकी हॉलवर उघडते. त्यांनी संगीतच्या रात्रीही तक्रार केली होती. तेव्हा आम्ही ‘एक दिवस चालवून घ्या’ म्हणून त्यांची बोळवण केली होती.

परिणाम

जागरण झालं. आठ वाजता चौक मांडला, ऊस बांधून मखर केलं, तळी उचलली. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ दहाच्या आत तीन वेळा सगळ्या आवारात ऐकू गेलं. दहाला स्पीकर बंद, खिडक्या बंद. निवृत्त अभियंते हिरवळीवर मोबाइलमधलं डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेऊन फेऱ्या मारत होते. त्या अ‍ॅपवर त्यांचा स्वतःचाही फारसा विश्वास नव्हता, आकडा वर गेला की ते आत जाऊन हातानंच खूण करत. संबळवाल्यानं शेवटी संबळावर घडी घातलेला टॉवेल टाकला. बारा वाजून वीस मिनिटांनी वाघ्यानं लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडला.

सोसायटीतून चाळीसेक जण गेले होते. काहींना निमंत्रण होतं. काही खणाच्या साड्या नेसून, नथ घालून आले आणि रील करून परतले. ‘इतकं ऑथेंटिक आपल्याच आवारात!’ असं एकीनं लिहिलं. नकाराच्या पत्राला अंगठा देणाऱ्यांत तिचं नाव होतं.

अण्णांची आई नव्वदीच्या घरात आहे. मी पाया पडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘बारा वाजता उठले सगळे. रात्र जागली नाही तर जागरण कसलं?’ तिच्या दृष्टीनं विधी अर्धाच झाला होता. आमच्या नियमाची ही किंमत तिनं भरली, आणि सभेत तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

नियमाचा दुसरा तडाखा सी विंगला बसला. त्या अधिकाऱ्यांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा हॉटेलात गेला, कारण दहाला संपणारा डीजे तिला नको होता. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या मजल्यावरच्या इतरांनी केली: ‘दोनचार लोकांमुळे सगळ्यांची मजा गेली.’

कोणता निर्णय कुठे वेगळा घेता आला असता

सगळ्यात स्वस्त संधी पहिल्याच दिवशी होती. अर्ज हातात आल्यावर मी अण्णांना एक फोन केला असता, ‘रात्रभर कसं जमवायचं, बोलू या का?’ असं विचारलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. फोन करायचा की पत्र लिहायचं, हा निर्णय मी निर्णय म्हणून घेतलाच नव्हता. ज्यांच्याशी आपलं जमतं त्यांना आपण फोन करतो. बाकीच्यांसाठी लेटरहेड असतं.

दुसरं, आक्षेपांची छाननी. बैठकीत कोणीतरी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हाच आक्षेप आपण गेल्या वर्षभरात आणखी कोणाला घेतला? हॉलचं रजिस्टर टेबलावर होतं. ते उघडलं असतं तर पाचपैकी चार आक्षेप तिथेच गळले असते. पुढच्या कमिटीनं हे रजिस्टर बैठकीत वाचायची पद्धत पाडली आहे. ती किती दिवस टिकते बघायचं.

ग्रुपवर पत्र टाकण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. अर्जदाराला उत्तर देणं वेगळं आणि त्याच्या शेजाऱ्यांकडून टाळ्या घेणं वेगळं.

चौथ्या मुद्द्यावर माझं आणि खजिनदार बाईंचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, समान नियम केला हेच उत्तम. मला वाटतं, समान नियम आमच्या सवयींच्या मापानं शिवला गेला. साडेबारा ही वेळ कुठून आली? संगीत साडेबाराला संपलं होतं, तिथून. जागरणाची वेळ पहाटेची आहे. वर्षातून एक किंवा दोन रात्री, शेजाऱ्यांची लेखी संमती घेऊन, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दुसरीकडे सोय करून, पूर्ण रात्र देता आली असती का, याचा आम्ही विचार केला नाही. बाई म्हणतात, ४५ डेसिबल संबळाला बांधील नाहीत, संबळ ४५ डेसिबलला बांधील आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि अण्णांच्या बाजूनं? हे मी सांगण्यापेक्षा त्यांनी सुचवलेली एक दुरुस्तीच देतो. जमिनीबद्दलचं वाक्य त्यांनी काढायला सांगितलं नाही, पण पुढे एक ओळ घालायला सांगितली: ‘ते मी बोलायला नको होतं, पण त्या सभेत मला तीनदा खाली बस म्हणाले होते.’ इतिवृत्तात ते नाही. इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

त्यानंतर

यंदाच्या जानेवारीत पुन्हा हुरड्याचा विषय निघाला. मुळशी तालुक्यात अण्णांची थोडी जमीन अजून आहे आणि तिथे ज्वारी होती. कोणीतरी उत्साहानं सुचवलं की या वेळी बाहेर कशाला, अण्णांच्याच शेतावर जाऊ. पंचेचाळीस जणांनी होकार दिला. सुनेनं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दर टाकला: माणशी सातशे रुपये, पाच वर्षांखालील मुलं मोफत, बैलगाडी वेगळी.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग ए विंगमधून एक मेसेज आला, ‘एवढे? आपलेच आहेत ना ते!’